आठ, नऊ, दहा नंबरचे दिवे

आमच्या गावातले पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा उतरवलेल्या पेट्या बरेच दिवस ग्रामपंचायतीच्या मागं पाण्याच्या टाकीला टेकून पडल्या होत्या. मग एक दिवस त्या तिथून गेल्या आणि धाराशिवकडच्या वाशीतल्या भंगारवाल्या चाचांच्या वाड्यात मला दिसल्या. मी वाशीच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. शाळेचा माझा रस्ता चाचांच्या दारावरूनच जातो. एका पेटीवर लाल ऑइलपेंटनं काढलेला चारचा आकडा दिसला आणि मी गाडी थांबवली. तो आकडा माझ्या वडिलांच्या हातचा होता.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. गावच्या ग्रामपंचायतीत वायरमन म्हणून त्यांनी अख्खी नोकरी केली. आमच्या घरात त्यांच्या आधी सगळ्यांनी मेंढरंच राखली होती. पगार आणणारे नाना पहिले. प्रत्येक खांबावरच्या पेटीला त्यांनी नंबर दिला होता, एक ते चौदा. कुठला दिवा कुठं आहे, हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. त्यांच्या मागंमागं हिंडून मलाही ते पाठ झालं होतं.

"चाचा, ह्या सगळ्या मला खोलून बघायच्यात," मी म्हणाले.

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "पत्रा माझा, मॅडम. आतलं जे शिकवायला लागंल ते ठिवून घ्या. बाकीचं आणून द्या म्हंजे झालं."

अशा रीतीनं चौदा पेट्या दोन खेपांत शाळेच्या प्रयोगशाळेत आल्या. मुख्याध्यापकांनी मागचं लांब टेबल वापरायला दिलं. शाळा सुटल्यावर तासभर थांबायचं, एक पेटी खोलायची, आत काय सापडलं ते वहीत लिहायचं आणि घरी जायचं, असं मी ठरवलं.

पहिले काही दिवस मजेत गेले. बाहेरून ओबडधोबड दिसणाऱ्या त्या पेटीच्या पोटात केवढा संसार असतो, हे मला वायरमनची पोर असूनही माहीत नव्हतं. एका पेटीत कुंभारमाशीनं केलेली मातीची घरं होती, एकीत पालीचा वाळून कागद झालेला सांगाडा. मागच्या बाजूला चोक, म्हणजे लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला वीटभर जड ठोकळा. त्याच्या शेजारी काडेपेटीएवढा इग्नायटर, जो दिवा लागताना एकदाच जोराचा धक्का देतो. मग कपॅसिटर. आणि पुढं बल्ब. बल्बच्या काचेच्या आत आणखी एक नळी असते, करंगळीपेक्षा बारीक, खडूसारखी पांढरी. सोडियम असतं ते त्या नळीत, थोड्या पाऱ्यासोबत. म्हणून मी बल्ब फोडत नव्हते, नुसते उजेडापुढं धरून बघत होते. जुन्या नळ्यांची टोकं काजळी धरल्यासारखी काळी झाली होती.

तीन नंबरची पेटी मी तार जोडून लावून बघितली आणि ती लागली. आधी फिकट, गुलाबी-पांढरी, मग हळूहळू पिवळी होत गेली. बंद करून मी आतले जोड सोडवायला गेले, तर कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक होती. हात खांद्यापर्यंत झिणझिणला आणि मी स्टुलावरून मागं सरकले. वायरमनच्या पोरीला हे आधी कळायला पाहिजे होतं, असं स्वतःला म्हणत मी पुढच्या पेटीपासून इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर वापरायला लागले.

सात पेट्या झाल्या. आठवी उघडायला घेतली तो बुधवार होता. स्क्रू गंजले होते म्हणून थोडं तेल सोडून वाट बघितली. झाकण निघालं आणि मी काय बघतेय हे मला आधी कळलंच नाही.

चोकच्या जागी दगड होता.

काळा फत्तर, चोकच्याच आकाराचा निवडून आणलेला, गोणपाटात गुंडाळलेला आणि तारेनं आवळून बांधलेला. इग्नायटर नव्हता. ज्या दोन तारा चोकला जोडायच्या असतात, त्यांच्या टोकांना काळी टेप व्यवस्थित तीन-तीन वेढे देऊन गुंडाळली होती. घाईत केलेलं ते काम नव्हतं. ज्यानं केलं त्यानं नीट बसून केलं होतं. बल्ब मात्र होल्डरमध्ये घट्ट बसवलेला होता आणि त्याच्या आतली नळी टोकापासून टोकापर्यंत पांढरीशुभ्र. तो बल्ब एकदाही लागलेला नव्हता.

पहिला विचार चोरीचाच आला. चोकमध्ये तांबं असतं, ते कुणीतरी काढून विकलं असणार आणि वजन जाणवावं म्हणून दगड घातला असणार. मी वहीत तसं लिहिलंसुद्धा. मग दगड बाहेर काढायला तारेची गाठ सोडवू लागले आणि माझी बोटं जागच्या जागी थांबली.

ती गाठ मी ओळखत होते. मेंढरं कोंडायला लावतात त्या जाळीला धनगर मारतात ती गाठ, एक फेरा उलटा घेऊन आत दाबलेली. नाना प्रत्येक गोष्ट त्याच गाठीनं बांधायचे. माझं दप्तर, आईची पाण्याची बादली, शिडीची तुटलेली पायरी. सोडवायला गेलं की आणखी आवळणारी ती गाठ त्यांनी मलाही शिकवली होती. खांबावर चढणाऱ्यांत ती फक्त त्यांनाच यायची.

मी नववी पेटी ओढली. गंजलेल्या स्क्रूंवर तेल सोडायला थांबले नाही, पक्कड लावून उपटले. दगड, गोणपाट, तीच गाठ. दहावी उघडायचं धाडस झालं नाही. ती दोन्ही हातांनी उचलून कानाजवळ धरली आणि तिरपी केली. आत काहीतरी जड सरकलं आणि पत्र्याला थडकलं. पेटी खाली ठेवून मी स्टुलावर बसले. शिपाई कुलूप घालायला आला होता. त्यानं दोनदा विचारलं, "मॅडम, बरं न्हाय का?"

आठ नंबरचा खांब बौद्ध वस्तीच्या कमानीजवळ आहे. नऊ नंबरचा वस्तीतल्या हापशाशी आणि दहा नंबरचा पलीकडच्या नाल्याजवळ. गावातल्या चौदा दिव्यांपैकी वस्तीत तीनच दिवे होते. ते हेच.

माझी पहिलीपासून दहावीपर्यंतची मैत्रीण त्या वस्तीतली. आम्ही एकाच बाकावर बसायचो. तिच्या आईला मी मावशी म्हणते. मावशी शेतावर मजुरीला जायच्या आणि घरी आल्या की आम्हा दोघींना समोर बसवून भाकरी खायला लावायच्या. मी कॉलेजला धाराशिवला असताना मावशी एका संध्याकाळी नाल्याच्या कडेवरून पाय घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या काठी घेऊन चालतात. त्यांना जीपमध्ये घालून धाराशिवच्या दवाखान्यात आणलं होतं ते नानांनी. दुसऱ्या दिवशी कळल्यावर मी कॉलेजातून धावत गेले तेव्हा नाना बाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. ते रात्रभर तिथून हलले नव्हते. माझ्या वडिलांना वस्तीतल्या बाईसाठी असं बसलेलं बघून मला किती अभिमान वाटला होता, तो तसाच आठवत होता. प्रयोगशाळेतल्या त्या स्टुलावरून उठून मी वहीतला चोरीचा मजकूर खोडला.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी गावी गेले. आठ नंबरमधला दगड गाठीसकट पिशवीत घेतला होता. नाना ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी पिशवीतून दगड काढून त्यांच्यासमोर ठेवला. वाटलं होतं, ते आधी विचारतील, हे काय आहे. मग कदाचित म्हणतील, आपल्याला काही ठाऊक नाही. तसं म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. ठेवायचाच होता मला.

त्यांनी दगडाकडं बघितलं आणि विचारलं, "कितवा नंबर?"

"आठ," मी म्हणाले.

"मग नऊ आन् दहाबी उघडले असतील तू."

"दहा उघडला नाही."

"त्यातबी हायच," नाना म्हणाले आणि हातातली शेंग सुपात टाकली.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. ते बोलले ते अगदी सरळ, कामाचा हिशोब द्यावा तसं. मला तेच जास्त लागलं. मी शाळेत आठवीला असताना एका दुपारी लाईनला व्होल्टेज चढलं आणि देवळापुढचे तीन चोक जळाले. गावच्या देवाची जत्रा चार दिवसांवर आली होती. त्या वेळच्या सरपंचांनी नानांना बोलावून सांगितलं, वस्तीतले तीन चोक काढ आणि देवळापुढं लाव, नवे आले की परत बसवू.

"पंधरा दिवसांत येतील म्हणाले. म्या काढले. दुपारी बायामाणसं रानात असताना काढले."

"आणि दगड?"

"चोक काढला की पेटी हलकी होती. वाऱ्यानं खांबावर आदळायला लागली. लई आवाज व्हायचा." त्यांनी सुपातली एक शेंग उचलून परत टाकली. "आवाज झाला की लोकं वर बघत्यात."

"नवे चोक आलेच नाहीत?"

"न्हाय आले. मी दोनदा इचारलं. पुढच्या मंजुरीत बघू म्हणाले. मग इचारायचं सोडलं."

"पण नाना, तुम्ही तर तिथं बल्ब बदलायला जायचात. मी बघितलंय. शिडी घेऊन जायचात."

"व्हय."

"चोक नाही हे ठाऊक असताना?"

"लोकं म्हणायची, लाईट लागत न्हाय. मग मी जायचो. वर चढायचो, जुना बल्ब काढायचो, नवा लावायचो. खाली उतरून म्हणायचो, लाईनीत फाल्ट हाय, बघतो."

"किती वेळा?"

त्यांनी मोजल्यासारखं केलं आणि मोजणं सोडून दिलं. "बारा-तेरा वर्सं," ते म्हणाले.

पोरवयात मी शिडीखाली उभी राहून वर चढणाऱ्या नानांकडं बघत राहायची. एवढ्या उंचावर न घाबरता काम करणारा माणूस म्हणजे माझे वडील. ते वर जाऊन कामाचं सोंग करत होते आणि खाली उभे असलेले सगळे आशेनं मान वर करून बघत होते. त्यात मीही होते.

"मावशी पडल्या त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं?" मी विचारलं.

नानांनी सूप बाजूला सारलं, उठले आणि खुंटीवरचा सदरा घातला. "चल," म्हणाले. कुठं ते मला विचारावं लागलं नाही.

वस्तीतल्या कमानीखालून आम्ही गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. मावशी दारात खुर्चीवर बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. मला बघून हसल्या, नानांना बघून सावरून बसल्या.

"या भाऊ. लई दिसांनी."

नाना बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बाई, तुमच्या तीन दिव्यांत चोक नव्हते. म्या काढले व्हते. आत दगड भरले व्हते. तुमी पडलात तवाबी तिथं दगडच व्हता."

इतकं एका दमात बोललेले नाना मी कधी पाहिले नव्हते. मी मावशींच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं आणि अंगणातल्या बंबाकडं बघत राहिले. मग त्या बोलल्या, अगदी हळू.

"ठावं हाय."

मी मान वर केली. नानाही चमकले.

"पोरीच्या बापानं एकदा शिडी लावून खोलून बघितलं व्हतं," मावशी म्हणाल्या. त्यांचे यजमान वारून आता काही वर्षं झालीत. "तुमी तिसऱ्यांदा बल्ब बदलून गेला, त्याच्या दुसऱ्या दिशी. दगड बघून खाली आले आन् मुकाट बसले. मग समद्यांनी मिळून तालुक्याला अर्ज केला."

"अर्जात दगडाचं लिहिलं होतं?" मी विचारलं.

"न्हाय. सरकारी खांबावर चढलास कशाला म्हणून त्येंनाच धरलं असतं. लाईट लागत न्हाय, येवढंच लिवलं."

त्या उठल्या. मी आधार द्यायला पुढं झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. काठी टेकत आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद घेऊन आल्या. तालुक्याहून आलेलं उत्तर होतं ते. सदर तिन्ही दिव्यांची पाहणी केली असून ते सुस्थितीत व चालू आहेत, असं लिहिलेलं. खाली शिक्के आणि दोन सह्या. दुसरी सही नानांची.

"तपासायला साहेब आले व्हते," नाना म्हणाले. "दुपारचे आले. खालूनच बघितलं. मला म्हणाले, चालू हायत का? मी व्हय म्हणालो."

"मावशी, मग तुम्ही नानांना कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं. "ते आले की तुम्ही तर त्यांना चहा द्यायचात."

मावशींनी माझ्याकडं न बघता नानांकडं बघत उत्तर दिलं.

"चा देऊन बसवत व्हते. म्हनलं, बसला तर आज सांगंल. कप खाली ठिवीपर्यंत वाट बघायची मी. तुमी प्यायचा, कप इसळून पालथा घालायचा आन् जायचा. दर डावाला."

नाना तिथंच उंबऱ्याजवळ खाली बसले. त्या चहाकडं मी आयुष्यभर माया म्हणून बघितलं होतं. दोन घरांतल्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून वर्गात मुलांना सांगितली होती, एकदा नाही, अनेकदा. त्या कपापाशी दर वेळी एक बाई माझ्या वडिलांना संधी देत होती आणि ते ती पिऊन टाकत होते.

"माझं चुकलं," नाना म्हणाले. "काय सांगाल ते करतो."

मावशींनी विचार करायला वेळ घेतला नाही. बहुतेक तो त्यांनी कधीच करून ठेवला होता. "मला सांगून काय करायचं? मला ठावंच व्हतं. ह्या कागदावर खोटं लिवलंय. ते खोटं हाय असं ग्रामसभेत सांगा आन् तिथल्या बुकात लिवून घ्या. माज्या दारात बसून नगं."

घरी येताना नाना माझ्या दोन पावलं मागं चालत होते. मी थांबले की तेही थांबायचे.

ग्रामसभा पुढच्याच महिन्यात झाली. मी शनिवारची शाळा उरकून गेले. सभेला नेहमी असतात तेवढीच माणसं होती, पण वस्तीतले लोक बरेच आले होते आणि मावशी पुढच्या खुर्चीवर होत्या. पाण्याचे, घरकुलाचे विषय झाले. आयत्या वेळच्या विषयांत नाना उठले. त्यांनी हातात कागद घेतला नव्हता. जे मावशींच्या दारात सांगितलं, तेच सांगितलं, फक्त यावेळी सहीबद्दलही सांगितलं.

सभेत कुणी ओरडलं नाही. त्या वेळचे सरपंच आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा उठला. "माझे वडील वारले म्हणून सगळं त्यांच्यावर ढकलायचं का?" तो म्हणाला.

"ढकलत न्हाय," नाना म्हणाले. "त्यांनी सांगितलं, हे खरं हाय. पर चोक म्या काढले. दगड म्या शोधून आणले. सही माझी हाय."

"आता एलईडी लागलेत सगळीकडं. जुनं उकरून काय उपयोग?" मागून कुणीतरी म्हणालं.

ग्रामसेविका तरुण होत्या, गावात नव्यानं आलेल्या. त्यांनी पेन उघडं धरलं होतं, पण लिहीत नव्हत्या. "हे जुन्या काळातलं आहे," त्या म्हणाल्या. "प्रोसिडिंगला कोणत्या विषयाखाली घ्यायचं, मला कळत नाही."

मावशी बसल्या जागेवरूनच बोलल्या. "दिवाबत्तीच्या. तुमच्या बुकात दिवाबत्तीचा विषय असतोय की. त्याखाली लिवा."

ग्रामसेविकांनी एकदा सगळीकडं बघितलं आणि लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "वाचा." त्यांनी वाचून दाखवलं. त्यात 'दिवे नादुरुस्त होते' असं आलं होतं. मावशी म्हणाल्या, नादुरुस्त नाही, चोक काढून नेले होते. ग्रामसेविकांनी ते खोडून पुन्हा लिहिलं, खाडाखोडीवर सही केली. नानांनी सही केली. सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

सभा संपतेय असं वाटत असताना वस्तीतले एक म्हातारे उठले. ते नानांकडं वळून अगदी साधेपणानं म्हणाले, "लाईटीचं कळालं. आता हापशाचं सांगा. तोबी तवाच बंद पडला व्हता. त्यातलं काय काढलं व्हतं?"

"हापशाचं मला ठाव न्हाय," नाना म्हणाले. आणि ते खरंच असावं. पण मला माझ्या वडिलांकडं बघून ते खरं आहे की नाही हे सांगता येईना. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. त्या म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि इतर लोकांकडं एकेक करून बघितलं. ग्रामसेविकांनी तोही विषय लिहून घेतला, कुणी न सांगता.

त्यानंतर देवळासमोरच्या पारावर नानांच्या शेजारी बसणारे दोघे-तिघे तिथं बसेनासे झाले. काहींना राग होता तो चोक काढल्याचा नव्हता, सांगितल्याचा होता. नाना एकटेच जाऊन बसतात. मी त्यांच्याशी बोलते, औषधं आणून देते, पण काही दिवस मला त्यांच्या हाताकडं बघवत नव्हतं. हे त्यांना कळत होतं. एकदा पाण्याचा तांब्या घ्यायला पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला होता.

माझी मैत्रीण धाराशिवला नर्स आहे. तिला सगळं तिच्या आईकडून कळलं होतं. मी फोन करायला धजत नव्हते. शेवटी तिनंच एका रविवारी कळवलं की ती येडशीवरून वाशीला येतेय आणि त्या पेट्या तिला बघायच्यात. मी शाळेची किल्ली मागून घेतली.

ती प्रयोगशाळेत आली, पिशवी खांद्यावरून न काढताच टेबलाशी उभी राहिली. मी तिला आधी एक धड पेटी उघडून दाखवली, चोक कुठं असतो, तारा कशा जातात, ते सगळं. शिकवायच्या आवाजात बोलत होते, कारण दुसरा आवाज सापडत नव्हता. मग नऊ नंबरची दाखवली. तिनं आत हात घालून टेप गुंडाळलेली तारेची टोकं चाचपली. दहावी पेटी अजून बंदच होती. ती तिनं स्वतः उघडली. दगडाच्या कडांवरून बोट फिरवून म्हणाली, "निवडून आणलाय. कोपरे बघ, नेमका बसतोय."

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणाले. किती दिवस हे वाक्य मी तोंडात धरून होते. "खरंच माहीत नव्हतं."

"दगडाचं तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "अंधाराचं होतं."

तिनं पिशवी खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली.

"तुझ्याकडं बॅटरी असायची. दोन सेलची, लाल. अभ्यासाला आमच्याकडं यायचीस तेव्हा कमानीपाशी आलं की लावायचीस आणि परत जाताना कमान ओलांडली की बंद करायचीस. सेल वाचावेत म्हणून. तुला कधी वाटलं नाही का, की कमानीच्या आतच का लागते?"

मला ती बॅटरी आठवली. तिचं सरकवायचं बटण कडक होतं, अंगठ्यानं जोर लावावा लागायचा. मी रोज तो जोर लावायची, कमानीखाली उभी राहून. घरी वायरमन होता. मी एकदा, फक्त एकदा, जेवताना विचारलं असतं की नाना, तिकडं अंधार का असतो, तरी पुरलं असतं. दगड सापडला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं, कारण तो दुसऱ्या कुणीतरी ठेवलेला होता.

"नाही वाटलं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला हेच उत्तर अपेक्षित होतं की दुसरं काही, ते कळलं नाही. तिनं झाकण पुन्हा पेटीवर ठेवलं, स्क्रू एका वाटीत गोळा केले आणि हात धुवायला नळ कुठं आहे ते विचारलं. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. एसटी यायला उशीर होता, आम्ही शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिलो. ती म्हणाली, "गुरुवारी आईला पाय दाखवायला धाराशिवला आणायचंय. मला ड्युटी आहे. तू आणशील?"

"आणते," मी म्हणाले.

"सकाळी नऊला लागते गावातली एसटी. उशीर करू नकोस," ती म्हणाली आणि एसटी कुठं दिसते का ते बघायला शेडच्या बाहेर गेली.